तीन मिलिमीटर

सगळे आधी हेच विचारतात: पाण्याचं काय?
कानातलं तळहातावर घेतात, वजनाला फसतात
(कागद इतका हलका, हाताला वाटतं काही दिलंच नाही)
मग खिडकीबाहेर, काउनासच्या गढूळ आभाळाकडे बघत:
भिजलं तर?

व्हार्निशचे दोन हात आहेत, मी म्हणते.
रेशीमही भिजतं, म्हणते, तुम्हीही भिजता.
खरं ते सांगत नाही,
की या कागदावर पाण्याखेरीज काहीच नाही.

नदीमापन केंद्राच्या एकतीस नोंदवह्या.
खांबावर यंत्र बसलं तेव्हा रद्दीत, किलोवर मिळाल्या.
नेमुनास नदी, रोज सकाळी आठ वाजता,
सेंटिमीटरमध्ये, निळ्या शाईत.
शेरा: धुकं.
शेरा: बर्फ सुटला.
शेरा: एक दार वाहत गेलं, कडीसकट.

मी त्यांच्या पट्ट्या कापते, तीन मिलिमीटर,
सुईच्या फटीत टोक अडकवते, फिरवते.
घट्ट झाली की बोटं सैल करायची.
किती सुटायचं ते गुंडाळी स्वतः ठरवते,
मला त्यात मत नाही.
एकीकडून चिमटली की थेंब,
दोन्हीकडून चिमटली की डोळा.
आकडे आत जातात. बाहेर फक्त कड,
आणि शाई जिथे चिरली तिथे निळा कण.
लोक म्हणतात, मोत्यासारखं पाणी आहे याला.
आहेच.

गेल्या गुरुवारी एक म्हातारे गृहस्थ आले, व्हायदोतास,
टोपी हातात, बुटांवर रस्त्याचं मीठ.
दागिन्यांकडे पाहिलंही नाही.
टेबलावरच्या न कापलेल्या पानावर बोट ठेवलं:
हा सात माझा. कमरेला पट्टा बांधलेला.
ते बाकीचे कुस्तिसचे, बिनपट्ट्याचे. आळशी माणूस.

मी खुर्ची दिली, चहा दिला.
चहात त्यांना मुरंबा हवा होता, तो नव्हता.
मग हळूच: एकोणऐंशीची वही आहे का?
जानेवारी, फेब्रुवारी?

पट्टीपर्यंत उतरायला सत्तावीस पायऱ्या, म्हणाले,
त्या हिवाळ्यात सत्तावीसही काचेच्या.
पहिल्या दिवशी घसरलो. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही.
शेगडीपाशी बसून नदी लिहिली.
एकशे बेचाळीस. एकशे चव्वेचाळीस. एकशे त्रेचाळीस.
कुणाला शंका येणार नाही इतकीच वरखाली.
एकदा मात्र नऊ सेंटिमीटर चढवली तिला,
त्या सकाळी मुलगी झाली होती.

कुणी पकडलं नाही?
विल्नियसहून पत्र आलं. नोंदी नीटनेटक्या, अभिनंदन.
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात ना, ते हसले,
तर ते मी मुरवत होतो. दोन महिने. पगारी.

वही मी शोधली नाही. ठाऊक होतं.
मागच्या खोलीत छताला टांगलंय ते,
पुरुषभर लांब, नदीच्या वळणासारखं,
अकरा हजार गुंडाळ्या, अंगठ्याला घट्टा.
एकोणऐंशी त्यातच संपलं.
खाली उभं राहून त्यांनी मान वर केली, बराच वेळ.
यातली माझी कुठली?
सांगता येत नाही, मी म्हटलं.
मोजलेलं पाणी आणि मनचं पाणी
सुईवर सारखंच फिरतं.

त्यांना बरं वाटलं की वाईट, कळलं नाही.
टोपी घातली. परत काढली.
सगळ्यांत लहान कुडी उचलली, मुलीसाठी,
ती आता क्लाइपेदात दंतवैद्य आहे, कडक स्वभावाची.
सुटे पैसे मोजून दिले, एकही सेंट जास्त नाही.
पाण्याचं विचारलं नाही.

पावतीवर सही करताना सवयीने
तारखेपुढे वेळ लिहिली, पट्ट्याच्या सातासारख्याच
सावकाश हाताने: सकाळी आठ.
भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.